डोंगरवाटेची सायकल

सायकल विकत घेणे आणि सायकल जुळविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला वयाची पन्नाशी उलटल्यावर कळले. विकत घेतलेली सायकल दुकानाची पायरी उतरते तेव्हाच पुरी झालेली असते. आपल्या हाती येते ती कुलपाची किल्ली आणि पावती. जुळविलेल्या सायकलीचे तसे नाही. ती आपल्याच घरी, आपल्याच डोळ्यांदेखत, एकेका अवयवाने आकाराला येते. तिच्या प्रत्येक सांध्यातले शहाणपण जसे आपले, तशी त्या सांध्यातली चूकही आपलीच. आज मी ज्या सायकलीविषयी बोलणार आहे ती या दुसऱ्या जातीची. ती डोंगरवाटांसाठी आहे. तिच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही चाकांना दाबले असता दबणारा आणि सोडले असता पूर्ववत होणारा आधार आहे. या व्यवस्थेला फुल सस्पेन्शन असे म्हणतात.

ही सायकल पुण्यात आमच्या घराच्या मागल्या पडवीत तयार होत असताना शेजारचे एक वडीलधारे गृहस्थ रोज संध्याकाळी येऊन उभे राहात. एके दिवशी त्यांनी खर्चाचा आकडा विचारला. मी तो सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "अहो, एवढ्या पैशांत चांगली मोटारसायकल आली असती!" त्यांचे म्हणणे खरे होते. मोटारसायकल आली असती आणि तिने मला बसल्या जागी डोंगरावर नेलेही असते. पण मला कोणी नेऊन पोचवावे अशी माझी इच्छा नव्हती. माझ्या पायांनी, परंतु पायांना एकट्याने जमणार नाही अशा रीतीने, मला जायचे होते. हे त्यांना मी त्या दिवशी नीट सांगू शकलो नाही. आजचे हे भाषण म्हणजे एका अर्थी त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

सायकलीला धक्के सोसण्याची विद्या शिकविण्याचा पहिला मोठा प्रयत्न स्प्रिंगने केला नाही, तो हवेने केला. बेलफास्ट येथे गुरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेल्या रबरी नळीचे वेष्टण घातले आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. त्यापूर्वीच्या भरीव चाकांवरून जाणाऱ्यांच्या हाडांची काय अवस्था होत असेल ते त्यांचे त्यांनाच ठाऊक! हवेच्या टायरने ती हाडे वाचविली, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे साध्या सायकलीचे काम तेवढ्यावर भागले. रस्ते सुधारत गेले. सायकलीला अधिक काही करण्याची गरज भासली नाही.

गरज भासली ती काही तरुणांनी रस्ता सोडला तेव्हा. अमेरिकेत सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथे टॅमलपायससारखे डोंगर आहेत. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात तेथील काही मंडळी जुन्या, जाड टायरांच्या, मणभर वजनाच्या वाटाव्यात अशा सायकली भंगारातून उचलून आणीत आणि डोंगरावरून मातीच्या वाटांनी खाली सोडीत. या सायकलींना मागे पायडल दाबले असता लागणारा, चाकाच्या हबमध्येच बसविलेला ब्रेक असे. उतार असा काही तीव्र की तळाशी पोचेपर्यंत हब तापून आतले ग्रीस जळून धूर होई. मग हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. या पुन्हा भरण्यालाच इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात, म्हणून त्या वाटेचे नावच रीपॅक पडले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्या वाटेवर पहिली शर्यत झाली. तीन-साडेतीन किलोमीटरांत सुमारे चारशे मीटर उतरणारी ती वाट होती. १९७७ साली त्यांच्यापैकी जो ब्रीझ या तरुणाने केवळ डोंगरासाठी म्हणून एक नवी फ्रेम स्वतः जोडून तयार केली. पुढे गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची यांनी १९७९ मध्ये हा धंदा म्हणून आरंभिला, आणि १९८१ मध्ये अशा सायकली कारखान्यांतून निघू लागल्या. सांगावयाचा मुद्दा हा की, या सायकलीचा जन्म कारखान्यात झाला नाही. तो भंगार, हौस आणि हातातला पाना यांतून झाला. सायकल जुळविणे हे या जातीचे मूळचेच कुलव्रत आहे.

त्या पहिल्या सायकलींना दबणारा चिमटा नव्हता. तो आला १९९० च्या सुमारास, पॉल टर्नर यांच्या प्रयत्नांतून, मोटारसायकलीच्या चिमट्याचे लहान रूप होऊन. मागच्या चाकाची गोष्ट अधिक अवघड होती. पुढचे चाक नुसते लोळत येते. मागचे चाक सायकल ओढते. मागच्या चाकाला सैल सोडावे तर पायडलच्या प्रत्येक दाबासरशी सायकल मागच्या बाजूला डुलू लागते आणि चालविणाऱ्याची अर्धी मेहनत ती स्प्रिंगच गिळून टाकते. यावर अनेकांनी अनेक उपाय काढले. त्यांतला एक, होर्स्ट लाइटनर या मूळच्या ऑस्ट्रियन गृहस्थांचा. मागच्या चाकाचा कणा ज्या दांड्यांवर बसतो त्यांत कण्याच्या किंचित पुढे आणखी एक सांधा ठेवावयाचा, म्हणजे साखळीची ओढ, ब्रेकची पकड आणि दगडाचा धक्का ही तीन भांडणे एकमेकांत फारशी मिसळत नाहीत, अशी ती युक्ती. माझ्या सायकलीची फ्रेम याच पद्धतीची आहे.

आता जुळवणीकडे वळतो. फ्रेम आली तेव्हा ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या दोन त्रिकोणांची, सांध्यांवर हलणारी, आणि मध्ये एक शॉक बसविलेली अशी होती. हा शॉक म्हणजे एक नळकांडे. त्यात दाबलेली हवा असते आणि तेल असते. हवा स्प्रिंगचे काम करते. माझ्या शॉकचा दांडा ५५ मिलिमीटर आत जातो, आणि तेवढ्यात मागचे चाक १४० मिलिमीटर वर येते. म्हणजे चाकाच्या अडीच बोटांच्या हालचालीला शॉकची एकच बोट हालचाल. उलट अर्थाने, चाकावर जो भार पडतो त्याच्या अडीचपट भार या मनगटाएवढ्या नळकांड्यावर येतो. तरफेचा हा हिशेब शाळेत शिकलो होतो. त्याचा उपयोग असा पडवीत बसून करावा लागेल असे तेव्हा वाटले नव्हते.

चाके मात्र माझ्याच्याने होणारी नव्हती. आमच्या पेठेत सायकलदुरुस्तीचे एक लहानसे दुकान आहे. त्याचे मालक आता सत्तरीच्या पुढचे आहेत; सारी पेठ त्यांना चाचा म्हणते. लहानपणी मी वडिलांच्या सायकलीचे पंक्चर काढावयास त्यांच्याकडेच जात असे. पुणे ही सायकलींची नगरी होती त्या काळात चाचांच्या दुकानापुढे रांग लागे. आता दिवसाकाठी चार-दोन गिऱ्हाईके आली तर आली. मी रिम, हब आणि बत्तीस-बत्तीस तारांची दोन पुडकी घेऊन त्यांच्यापुढे बसलो, तेव्हा त्यांनी चष्मा वर सारून रिम हातात घेतली, आणि जुन्या सायकलीची रिम तिच्याजवळ धरली.

"किती इंची म्हणालास ही?"

"एकोणतीस इंची, चाचा."

"आणि ही माझी अठ्ठावीसची. मग तुझी एकोणतीस माझ्या अठ्ठाविसात मावते कशी?"

खरोखरच ती मावत होती. त्यांच्या हाती जुन्या, काळ्या, दणकट सायकलीची रिम होती; तिच्यावर टायर जेथे बसतो तेथला व्यास ६३५ मिलिमीटर असतो. माझ्या रिमेचा तोच व्यास ६२२ मिलिमीटर. एकोणतीस इंच हे माप रिमेचे नसून तिच्यावर चढणाऱ्या लठ्ठ टायरच्या बाहेरच्या कडेचे आहे. चाचा हसले. "म्हणजे अंगरख्याचं माप सांगतोस, अंगाचं नाही," असे म्हणून ते कामाला लागले.

तारा गुंफण्याचे ते काम मी तीन संध्याकाळी पाहिले. तारा हबपासून सरळ निघत नाहीत. हबच्या कडेला स्पर्श करून तिरप्या जातात आणि वाटेत एकमेकींना तीनदा ओलांडतात. जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये काढलेली ही रीत अजून बदललेली नाही. पायाचा जोर आणि ब्रेकचा पीळ हबकडून रिमेकडे पोचवावयाचा तर तार तिरपीच हवी. मागच्या चाकात उजव्या अंगाला दात्यांच्या चकत्यांची उतरंड बसत असल्यामुळे तिकडच्या तारा अधिक उभ्या आणि अधिक ताणलेल्या असतात. चाचा प्रत्येक तारेला नखाने छेडीत आणि कान देऊन ऐकत. सारख्या ताणाच्या तारा सारख्या सुरात बोलतात. मग चाक फिरवून, निपल पाव फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे असे करीत त्यांनी चाकाचा आउट काढला. माझ्याकडे ताण मोजण्याचे एक उपकरण होते. काम पुरे झाल्यावर मी ते हळूच लावून पाहिले. उपकरणाने चाचांच्या कानाला दुजोरा दिला. चाचांनी माझ्याकडे पाहिले, पण ते काही बोलले नाहीत.

आणखी एक गोष्ट त्यांनीच मला दाखविली. पायडलांचा आस ज्यात फिरतो त्या वाट्या फ्रेममध्ये बसविताना मी उजवीकडची वाटी नेहमीप्रमाणे आवळू लागलो. ती काही केल्या आट्यांत शिरेना. "उलटे आटे असतात तिथं," चाचा लांबूनच म्हणाले. जुन्या सायकलीत उजव्या बाजूला जसे उलटे आटे असतात तसेच ते या अगदी नव्या फ्रेममध्येही होते. या आट्यांना आजही बीएसए म्हणतात. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, म्हणजे मुळात बंदुकांचा कारखाना. परदेशातून आलेली, संगणकावर रेखाटलेली फ्रेम आणि चाचांच्या दुकानातला जुना सांगाडा यांच्यामध्ये असे एक नाते निघाले, आणि त्यानंतर चाचा माझ्या सायकलीकडे थोड्या आपुलकीने पाहू लागले.

बाकीचे काम मी पडवीत केले. पुढचा चिमटा १५० मिलिमीटर दबणारा. ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे. चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे. त्यांच्या नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी दांडी दाबली असता ती मऊ लागते, कारण हवा दबते आणि तेल दबत नाही. तो शेवटचा बुडबुडा काढण्यात माझा एक रविवार गेला. टायरमध्ये ट्यूब नाही. रिमेला चिकटपट्टी लावून टायर हवाबंद केलेला, आणि आत रबराच्या चिकाचे शंभरेक मिलिलिटर मिश्रण. काटा रुतला तर हा चीक भोकाशी धावून तेथेच गोठतो. बाभळीच्या प्रदेशात याहून मोठे वरदान कोणते? हवा मात्र कमी ठेवावयाची, पुढे बावीस आणि मागे पंचवीस पौंड. म्हणजे टायर दगडावरून उडण्याऐवजी त्याला कवेत घेतो.

गिअरची गोष्ट सांगतो, म्हणजे चढणीचे रहस्य कळेल. माझ्या वडिलांच्या सायकलीला पुढे चव्वेचाळीस दाते होते आणि मागे अठरा. पायडलचा एक फेरा म्हणजे सुमारे साडेपाच मीटर वाटचाल. चढ असो, उतार असो, वारा असो. माझ्या सायकलीला पुढे बत्तीस दात्यांचे एकच चक्र आहे, आणि मागे दहापासून एकावन्न दात्यांपर्यंत बारा. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पायडलचा एक पूर्ण फेरा मला जेमतेम दीड मीटर पुढे नेतो. हे माणसाच्या सावकाश चालण्याहून फारसे वेगळे नाही. पण या मंदगतीमुळेच पन्नाशीच्या गुडघ्यांना सह्याद्रीची चढण झेपते. वडील आयुष्यभर चढावर सायकल हातात धरून चालत गेले. त्यांना हे बारा दाते-चक्रांचे वैभव दाखविता आले असते, तर ते प्रथम किंमत विचारते आणि नंतर बराच वेळ ते चक्र उलटे फिरवून त्याचा आवाज ऐकत बसले असते.

सायकल उभी राहिल्यावर तिला माझ्या वजनाची ओळख करून द्यावयाची होती. या भागाविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण फुल सस्पेन्शनचे सारे मर्म येथे आहे. सर्वसाधारण समजूत अशी की, स्प्रिंग ही आपटण्यापासून वाचविण्यासाठी असते. म्हणून ती जितकी ताठ तितकी बरी. प्रत्यक्षात मनुष्य सायकलीवर नुसता बसला तरी शॉक थोडा दबलाच पाहिजे. माझ्या बाबतीत ५५ पैकी सोळा-साडेसोळा मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीस टक्के. असे का? कारण वाटेत उंचवटे असतात तसे खड्डेही असतात. चाकाला वर उचलले जाण्याची जशी मोकळीक हवी, तशी खाली उतरण्याचीही हवी. आधीच थोडे दबलेले चाक खड्डा आला असता खाली पसरून जमिनीला धरून राहते. जे मुळीच दबलेले नाही ते खड्ड्यावरून अधांतरी जाते. आणि अधांतरी चाकाला ना वळता येते, ना थांबता येते. दाबावयाचे किती हे हवेचा दाब कमीजास्त करून ठरवावयाचे. त्यासाठी दाबमापक लावलेला हातपंप असतो, आणि दांड्यावर सरकलेले रबरी कडे किती मागे गेले ते पाहून हिशेब करावयाचा असतो.

परंतु नुसत्या स्प्रिंगने भागत नाही. स्प्रिंग घेतलेले सर्व परत करते, आणि तेही एकदम. असा परतावा मिळाला तर सायकल मस्तवाल घोड्याप्रमाणे स्वाराला वर फेकील. म्हणून आत तेल असते. ते बारीक छिद्रांतून वाहताना धक्क्याचा जोर उष्णतेच्या रूपाने जिरवून टाकते. छिद्र किती मोकळे ठेवावयाचे त्यासाठी एक लहान लाल खुंटी असते. ती फार मोकळी ठेवली तर सायकल उड्या मारते. फार आवळली तर एका दगडाने दबलेली स्प्रिंग दुसरा दगड येईपर्यंत पुरती उठत नाही. तिसऱ्या-चौथ्या दगडाला ती पार खाली बसून गेलेली असते. मी फुटपाथच्या कडेवरून उतरत, एकेक टिचकी फिरवीत, दोन आठवडे ही खुंटी लावीत होतो. येणारे-जाणारे थांबून पाहात. एका शाळकरी मुलाने अत्यंत गंभीरपणे विचारले, "काका, उतरता येत नाही का?"

दिवाळीनंतर, जमीन वाळून घट्ट झाल्यावर, मी मुळशीकडच्या डोंगरांत जाऊ लागलो. पावसाळ्यात मी जात नाही आणि कोणी जाऊ नये असे मला वाटते. ओल्या मातीत टायरने पाडलेली चाकोरी पाण्याचा पाट होते, आणि पठारावरची बोटभर जाडीची माती एकदा वाहून गेली की खाली उरतो तो निव्वळ कातळ.

त्या वाटांचे वर्णन काय करावे! हिरड्याच्या सावलीतून, कारवीच्या झुडपांतून वाट चढते; मग उघडे पठार, आणि पलीकडच्या सोंडेवरून उतार. मुरूम, सुटे धोंडे, मध्येच कातळाच्या पायऱ्या. पूर्वी या वाटेने उतरताना माझी नजर पायांपुढच्या दगडापलीकडे जात नसे. या सायकलीवर उलटे करावे लागते. नजर दहा-पंधरा हात पुढे ठेवावयाची, खोगीर एक कळ दाबून खाली घ्यावयाचे, दोन्ही पायडल सपाटीत ठेवून त्यांवर उभे राहावयाचे, टाचा खाली, कोपरे बाहेर, आणि पायांखालचा दगड सायकलीवर सोपवून द्यावयाचा. चाके खालीवर नाचतात. फ्रेम आणि माणूस जवळजवळ सरळ रेषेत जातात. पहिल्यांदा हे साधले त्या दिवशी मी उताराच्या तळाशी थांबून एकटाच मोठ्याने हसलो होतो.

आणि येथेच एक धोका आहे. साध्या सायकलीवर वाट प्रत्येक क्षणी हातांना बजावीत असते की, तू वेगात आहेस. ही सायकल ते बजावणे गाळून टाकते. वेग वाढत जातो आणि त्याची वर्दी मिळत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी मी त्या सोंडेवरून उतरत होतो. मागून अधूनमधून 'टक्' असा आवाज येत होता. तो आदल्या खेपेलाही आला होता. खोगिराचा असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. चाचांचे एक वाक्य मला पाठ होते: सायकल बोलली की थांबावं, ती विनाकारण बोलत नाही. ते मला त्या उतारावर आठवलेदेखील. परंतु लय अशी काही जमली होती की, आता खाली गेल्यावरच पाहू, असे म्हणून मी तसाच पुढे गेलो. कारवीच्या आडून वाट डावीकडे वळते. वळलो, आणि समोर डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी आणि तिच्या पदराला धरून चालणारी सात-आठ वर्षांची मुलगी. वाट तीन हात रुंद. एका बाजूला उभा चढ, दुसऱ्या बाजूला उतार.

मी दोन्ही ब्रेक दाबले. सायकल मुरुमात घसरत गेली आणि त्या मुलीपासून दोन हातांवर थांबली. म्हातारीने मोळी सावरली नाही. आधी मुलीला मागे ओढले. मग माझ्याकडे नीट पाहून ती शांतपणे म्हणाली, "आरं लेकरा, वाट काय पळून चाललीया का?"

मला उत्तर सुचले नाही. मी सायकल वाटेच्या कडेला, उताराच्या बाजूला घेतली. त्या दोघी वरच्या बाजूने निघून गेल्या. जाताना मुलीने वळून सायकलीकडे पाहिले, माझ्याकडे नाही. मग मी खाली बसलो आणि मागच्या त्रिकोणाकडे पाहिले. उजव्या बाजूच्या एका सांध्याचा बोल्ट अर्धा बाहेर आला होता. आणखी एखादा उतार, आणि तो त्रिकोण एका अंगाने सुटला असता. त्या वळणावर सुटला असता, तर ब्रेक कितीही चांगले असोत, सायकल कोणीकडे गेली असती हे सांगता येत नाही.

तो बोल्ट कसा ढिला राहिला हे मला लगेच आठवले. या सांध्यांचे बोल्ट ठराविक जोरानेच आवळावे लागतात. तो जोर झाला की 'कट्' असा आवाज करणारा एक खास पाना मिळतो, आणि बोल्टच्या आट्यांना एक निळे रसायन लावावयाचे असते. ते सुकून आट्यांना हिसक्यांत ढिले होऊ देत नाही. माझ्याजवळ दोन्ही होते. परंतु त्या रात्री साडेअकरा वाजले होते, सायकल दुसऱ्या दिवशी बाहेर काढावयाची होती, आणि शेवटचा बोल्ट मी हाताच्या अंदाजाने आवळून ठेवला होता. उद्या पाहू म्हणून. चाचांचा कान पाहून मला वाटले असावे की, आपल्या हातालाही तसाच अंदाज आला. त्यांच्या कानामागे पन्नास वर्षे होती, माझ्या हातामागे पन्नास दिवस.

सायकल हातात धरून मी चार किलोमीटर चालत उतरलो. वडिलांची आठवण झाली. तेही असेच चालत; ते चढावर आणि मी उतारावर, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे जाऊन सारे सांगितले. ते रागावतील अशी माझी कल्पना होती. त्यांनी बोल्ट हातात घेतला, आटे पाहिले, नवा बोल्ट आणावयास सांगितले. मग म्हणाले, "बोल्टचं ठीक आहे. पण त्या म्हातारीला तू येतोयस हे कळणार कसं? तुझ्या सायकलीला घंटी कुठाय?"

मी जुळवणीच्या वेळी सर्व भागांची एक यादी केली होती. पायडलपासून वायसरपर्यंत तीत अठ्ठ्याऐंशी वस्तू होत्या, आणि प्रत्येकीचे वजन ग्रॅममध्ये लिहिलेले होते. त्या यादीत घंटी नव्हती. माझे वजन, माझे गुडघे, माझ्या हातांची लांबी, माझी हौस, सर्वांचा विचार त्या सायकलीत झाला होता. समोरून येणाऱ्या माणसाचा विचार झाला नव्हता. चाचांनी फळीवरून एक जुनी, पितळी वाटीची घंटी काढली, फडक्याने पुसली, आणि दोन पट्ट्या कापून माझ्या जाड हँडलला बसवून दिली. तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्या वाटेने मी अजून जातो. प्रत्येक खेपेपूर्वी एकूण एक बोल्ट त्या खास पान्याने तपासतो. कारवीच्या वळणाआधी घंटी वाजवितो, वेग माणसाच्या चालण्याइतका आणतो, आणि कोणी दिसले तर उतरून उभा राहतो. त्या वाटा आमच्यासाठी कोणी तयार केलेल्या नाहीत. मोळ्या वाहणाऱ्या, गुरे वळणाऱ्या, बाजाराला उतरणाऱ्या पावलांनी त्या पाडल्या आहेत. आमची चाके त्यांवर पाहुणी आहेत. पाहुण्याने दार वाजवून यावे, हे सांगावयाला अमेरिकेचा इतिहास नको, तरफेचा हिशेबही नको.

शेजारच्या त्या गृहस्थांना मी एकदा ही हकीकत सांगितली. सायकलीभोवती एक फेरी घालून त्यांनी अंगठ्याने घंटी वाजवून पाहिली. ती आमच्या बोळात खणखणीत वाजली. ते म्हणाले, "वडिलांच्या सायकलीची घंटी अशीच वाजायची, नाही का?" खर्चाविषयी त्यांनी नंतर कधी विचारले नाही.